ब्राउनिंगची चाकोरी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तळोदा हे गाव एकेकाळी साऱ्या खानदेशात दोन गोष्टींसाठी प्रख्यात होते : डोंगरातून उतरणाऱ्या इमारती लाकडाचा बाजार, आणि त्या लाकडापासून घडविलेल्या बैलगाड्या. खानदेशातील उत्तम लाकडी गाड्या तळोद्यास होतात, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही करून ठेवली आहे. जुन्या मंडळींच्या तोंडून मी ऐकले ते असे, की साटी किती लांब ठेवावी, जुवाला नक्षी काढावी की न काढावी, हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि सुताराच्या हातावर सोपविलेले असे. परंतु दोन चाकांमधले अंतर मात्र कोणाच्याच मर्जीवर नसे. पूर्वी गेलेल्या हजारो गाड्यांच्या लोखंडी धावांनी वाटेवर दोन समांतर चर पाडून ठेवलेले असत, आणि नव्या गाडीचा आख त्या चरांशी जुळला नाही, तर ती गाडी एका अंगाला कलंडत, बैलांच्या मानेला हिसके देत, पहिल्या दोनचार खेपांतच मोडकळीस येई. त्या चरांनाच आपण चाकोरी म्हणतो. ती पहिल्याने कोणी पाडली हे कोणास सांगता येत नाही. पण पुढचा प्रत्येक सुतार आख तासताना त्या अनामिकाचीच आज्ञा पाळीत असतो.

हा शब्द माझ्या मनात नव्याने जागा झाला तो मात्र गाड्यांच्या नव्हे, तर पोलीस ठाण्याच्या अंगणात. निवडणूक जाहीर झाली, की परवानाधारकांना आपापली शस्त्रे ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. आमच्या नात्यातील एका जिभाऊंकडे रानडुकरांपासून उसाचे व केळीचे रक्षण करण्यासाठी घेतलेली बारा बोअरची जुनी दुनळी आहे. ती घेऊन ते निघाले, आणि त्यांचे वय झालेले म्हणून सोबतीला मी गेलो. व्हरांड्यात टेबल मांडून हवालदार बसले होते. पुढे एक जाडजूड नोंदवही, शेजारी चिठ्ठ्या बांधण्याचा दोरा. "जिभाऊ, नळी खाले ठेवा," असे आदराने बजावून त्यांनी दुनळी हाती घेतली, ती मधोमध मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहिला, परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक बोटाने पडताळला, आणि पोच लिहून दिली.

आमच्या मागे एक व्यापारी गृहस्थ होते. त्यांनी रुमालात गुंडाळलेले एक चपटे, काळसर पिस्तूल टेबलावर ठेवले. आपल्याकडे ज्यास सरसकट 'बत्तीसचे पिस्तूल' म्हणतात ते, भारतीय आयुध निर्माणीत घडलेले. हवालदारांनी प्रथम मुठीच्या तळाची खिट्टी दाबून काडतुसांचे खोके बाहेर ओढले. मग पिस्तुलाच्या माथ्यावरचे पोलादी आवरण, ज्यावर बोटांना पकड मिळावी म्हणून उभ्या खाचा पाडलेल्या असतात ते, चिमटीत धरून मागे खेचले. आवरण मागे सरकताच पोटातली नळी उघडी पडली, बाजूच्या खिडकीतून तिचे रिकामे तोंड दिसले, आणि हात सोडताच स्प्रिंगच्या जोरावर ते आवरण खटकन पूर्वस्थळी जाऊन बसले. साऱ्या प्रकाराला दोन क्षणही लागले नाहीत, आणि ठाण्यातल्या कोणास त्यात पाहण्यासारखे काही वाटले नाही. मला मात्र ती मागे-पुढे सरकणारी पोलादी झडप पाहताना वाटले, की ही एका माणसाने पाडलेली चाकोरी आहे, आणि त्या माणसाचे नाव या व्हरांड्यात कोणास ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतील युटा प्रांताच्या ऑग्डेन गावी २३ जानेवारी १८५५ रोजी जन्मला. बाप जोनाथन हा बंदूक दुरुस्त करणारा कारागीर. तीन बायका आणि बावीस मुले असा त्याचा मॉर्मन पंथीय संसार होता. भंगारातली नळी आणि लाकडाचा तुकडा जोडून पोराने दहाव्या वर्षी पहिली बंदूक केली अशी त्या घरातली आठवण सांगतात. १८७९ साली त्याला एका एकबारी बंदुकीचे पहिले पेटंट मिळाले, आणि चार वर्षांनी विंचेस्टर या विख्यात कंपनीने ती रचना ८,००० डॉलर देऊन विकत घेतली. पुढे त्याच्या नावावर एकूण १२८ पेटंटे जमा झाली. आकडा मोठा आहे. पण निव्वळ आकड्याने माणूस मोठा होत नाही, आणि पेटंटांच्या दप्तरात धूळ खात पडलेल्या कल्पनांची संख्या जगात थोडी नाही. ब्राउनिंगचे वैशिष्ट्य हे, की त्याच्या रचना दप्तरात राहिल्या नाहीत. खटक्याच्या बंदुका, पुढचा लाकडी दस्ता मागे-पुढे ओढून भरण्याच्या शिकारी बंदुका, आपोआप भरणाऱ्या बंदुका, पिस्तुले, पट्ट्याने चालणाऱ्या मशीनगन, एवढ्या परस्परभिन्न क्षेत्रांत एकाच माणसाचा हात इतका खोलवर पोचल्याचे दुसरे उदाहरण शस्त्रविद्येच्या इतिहासात मला तरी आढळत नाही.

त्याच्या बुद्धीची जात ओळखावयाची तर एकच प्रसंग पुरेसा आहे. १८८९ च्या सुमारास ऑग्डेनजवळ मित्रमंडळी नेमबाजी करीत असता ब्राउनिंगची नजर निशाणावर नव्हती. नळीच्या तोंडासमोर काही अंतरावर वाढलेले गवत प्रत्येक बारासरशी जोराने वाकते आणि पुन्हा उभे राहते, हे तो पाहत होता. बंदुकीचा शोध लागल्यापासून शेकडो वर्षे हे गवत असेच वाकत आले असले पाहिजे, आणि लाखो माणसांनी ते पाहिले असले पाहिजे. पण ब्राउनिंगच्या मनात प्रश्न आला तो हिशेबी गृहस्थाचा : गोळी तर निघून गेली, मग तिच्यामागून येणारी ही शक्ती फुकट का जावी? घरी येऊन त्याने मध्यभागी भोक पाडलेला एक लोखंडी तुकडा नळीच्या तोंडासमोर बसविला. गोळी भोकातून पार झाली, आणि मागून आलेल्या वायूने तो तुकडा उडवून लावला. फुकट जाणाऱ्या त्या वायूला तरफ जोडून तिच्याकरवी रिकामे काडतूस काढणे, नवे भरणे आणि घोडा चढविणे ही कामे करून घेणारी बंदूक त्याने लवकरच सिद्ध केली. वायूच्या बळावर स्वतःच भरणाऱ्या मशीनगनांच्या मोठ्या कुळाचा आरंभ या गवताच्या पात्यांपासून आहे.

हाच हिशेब त्याने पिस्तुलाला लावला, पण निराळ्या रीतीने. त्याच्या आधीही आपोआप भरणारी पिस्तुले युरोपात झाली होती. मात्र त्यांतली हालचाल करणारी अंगे नळीच्या मागे, एखाद्या यंत्राच्या सांगाड्यासारखी बसविलेली असत, आणि त्यामुळे ती लांबोडी व नाजूक होत. ब्राउनिंगने नळीवरच एक पोलादी म्यान चढविले आणि ते म्यानच हलते केले. गोळी पुढे जाते, तिचा धक्का मागे येतो. त्या धक्क्याने म्यान मागे सरकते, जाताना रिकामे काडतूस खेचून बाहेर फेकते, घोडा चढविते आणि स्प्रिंग दाबते. दबलेली स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते, आणि पुढे येताना ते मुठीतल्या खोक्यातून नवे काडतूस उचलून नळीत बसविते. लहान काडतुसासाठी म्यानाचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढेच बंधन पुरते. काडतूस जबर असेल तर गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच म्यान उघडून चालविणाराच्या तोंडावर अनर्थ ओढवेल. म्हणून तेथे त्याने नळी आणि म्यान यांच्या अंगावर एकमेकांत बसणाऱ्या कंगोऱ्यांची योजना केली. दोघे हातात हात घालून थोडे अंतर मागे जातात, तोवर गोळी निघून गेलेली असते, मग नळीची शेपटी किंचित खाली झुकते, कंगोरे सुटतात आणि म्यान एकटे पुढचा प्रवास करते. अमेरिकी सैन्याने १९११ च्या मार्चमध्ये स्वीकारलेले प्रसिद्ध पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल याच तत्त्वावर चालते. आज जगातली बहुसंख्य लष्करी पिस्तुले, नाव कोणत्याही देशाचे वा कंपनीचे असो, पोटातून याच झुकणाऱ्या नळीवर जगतात.

बेल्जियममधील हेरस्टाल येथल्या एफएन या कारखान्याने १८९७ मध्ये ब्राउनिंगशी संधान बांधले, आणि तेथून त्याची लहान पिस्तुले जगभर पसरली. १९१४ पर्यंत त्या कारखान्याने दहा लाख ब्राउनिंग पिस्तुले केली होती, आणि फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हा शब्द पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसला.

येथून ही कथा आपल्या घरी येते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी रयतेच्या हातून परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याचा हक्क काढून घेतलेला होता. रिव्हॉल्व्हर चोरून आणावे तर त्याचे फुगीर चक्र आणि बाहेर आलेला घोडा कपड्यांतूनही लपत नसे. पेटीत घातले तर जागा फार खाई. चपट्या, गुळगुळीत ब्राउनिंगला ही अडचण नव्हती. १९०९ च्या आरंभी लंडनमधील इंडिया हाऊसमधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे हिंदुस्थानात धाडली. इंडिया हाऊसमध्ये आचाऱ्याचे काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्या पेटीला दुहेरी तळ करून त्यात ती दडविली होती. अमीन मार्चमध्ये मुंबईस उतरले तेव्हा थोरले बंधू बाबाराव सावरकर नुकतेच अटकेत पडले होते. पुढे जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि तो खटला ज्यांच्या हातून पुढे गेला ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन तरुणांच्या रोषास पात्र झाले.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सनसाहेबांची मुंबईस बदली झालेली. त्यांच्या निरोपाचा तो समारंभ. औरंगाबादेस शिकणारा, अठराच्या घरातला अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या आणि जॅक्सन जागीच मरण पावले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. धाडलेल्या पिस्तुलांचा धागा पकडून सरकारने सावरकरांवर खुनास साहाय्य केल्याचा स्वतंत्र खटला भरला, आणि १९११ च्या जानेवारीत त्यांना दुसरी जन्मठेप ठोठावली.

या प्रकरणाविषयी लिहिताना माझी लेखणी दोन्ही बाजूंना अडखळते, आणि ते मी लपवू इच्छीत नाही. ज्या वयात मुलगा परीक्षेचा अभ्यास करावयाचा त्या वयात कान्हेरे फाशीच्या दोराकडे चालत गेला. त्याच्या ध्येयनिष्ठेपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. आणि जो मारला गेला तो संस्कृताचा व्यासंगी होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुतींची त्याने जमविलेली टिपणे त्याच्या मरणानंतर एन्थोवेन यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि आजही आपल्या लोकसंस्कृतीचा अभ्यासक ती उघडल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. ऑग्डेनच्या कारागिराने हलके, चपटे, खिशात मावणारे आणि सहसा दगा न देणारे यंत्र घडविले. ते कोणाच्या खिशात जाईल हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. पण ते चपटे नसते तर पेटीच्या दुहेरी तळात वीस नग मावले नसते, हेही तितकेच खरे.

२८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिपने ठार केले आणि महायुद्धाला निमित्त मिळाले. ते शस्त्रही हेरस्टालला घडलेले १९१० च्या नमुन्याचे ब्राउनिंग होते. हवालदारांनी ज्या निष्ठेने जिभाऊंच्या दुनळीचा क्रमांक पडताळला त्याच निष्ठेने कोणा अंमलदाराने त्याचाही क्रमांक टिपला असणार : १९०७४.

चाकोरीची खरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे, आणि ती पिस्तुलात नसून काडतुसात आहे. नवे पिस्तूल काढताना ब्राउनिंग त्यासाठी काडतूसही नवे योजीत असे : ०.२५, ०.३२, ०.३८० आणि ०.४५ इंचांची पिस्तुलाची काडतुसे, आणि मशीनगनसाठी ०.५० इंचांचे जाडजूड काडतूस, ही सर्व त्याच्या कामातून निघाली. पितळी नळकांड्याची लांबी, बुडाची कड, गोळीचा घेर ही मापे एकदा ठरली आणि कारखान्यांतून लाखांनी काडतुसे बाहेर पडू लागली, की पुढे ज्याला पिस्तूल घडवावयाचे आहे त्याला त्या मापाची नळी करावी लागते. नाहीतर त्याचे पिस्तूल कोण घेणार? आखाचे माप वाट ठरविते, तसे नळीचे माप काडतूस ठरविते. आपल्या इतिहासातले अत्यंत क्लेशकारक उदाहरण येथे टाळता येत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर झाडलेल्या गोळ्या ज्यातून सुटल्या ते इटालियन बेरेटा पिस्तूल होते, त्याची रचना ब्राउनिंगची नव्हती. पण त्या नळीचे माप, ज्याला इटलीत आखूड नऊ मिलिमीटर म्हणत, ते ब्राउनिंगने १९०८ मध्ये रूढ केलेल्या ०.३८० इंची काडतुसाचेच होते.

आता पुन्हा तळोद्याच्या ठाण्यातल्या त्या टेबलाकडे येऊ. ०.३२ इंचाचे, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे काडतूस ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास आपल्या पहिल्या बेल्जियन पिस्तुलासाठी सिद्ध केले. युरोपातील पोलिसांनी ते पुढे पाऊण शतक वापरले आणि नंतर अधिक जोरकस काडतुसांकडे वळून बाजूस सारले. मग खानदेशातल्या एका व्यापाऱ्याच्या रुमालात ते आजही का असावे? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, कायद्यात आहे. आपल्याकडे सैन्य व पोलीस ज्या बोअरची शस्त्रे वापरतात ती सामान्य नागरिकास मना आहेत; नऊ मिलिमीटर, ०.३८, ०.४५, ०.३०३ ही 'निषिद्ध बोअर' म्हणून गणली जातात, आणि परवाना मागणाऱ्यासाठी पिस्तुलापुरते म्हणाल तर मुख्यतः बत्तीसच उरते. त्यामुळे सरकारी निर्माण्या बत्तीसचीच पिस्तुले नागरिकांसाठी घडवितात, आणि त्यांना काडतुसेही त्याच मापाची पुरवावी लागतात. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून चालत आलेला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथल्या काडतुसांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही दोन अक्षरे उमटविलेली असतात, आणि खानदेशातल्या जुन्या शिकाऱ्यांना ती तोंडओळखीची आहेत. अशा रीतीने एका अमेरिकी कारागिराने सव्वाशे वर्षांपूर्वी बेल्जियमसाठी आखलेले माप हिंदुस्थानच्या शस्त्र कायद्याने जणू मोडी दप्तरासारखे जपून ठेवले आहे. वाट मूळची गाड्यांनी पाडली, आणि तिला बांध घालून कायम केले ते सरकारने.

सैन्याकडे पाहिले तर तेथेही हीच वंशावळ दिसते. भारतीय सैन्याची 'मॅग' ही मशीनगन एफएनच्या एर्नेस्ट व्हर्विये याची. परंतु तिच्या पोटातला कुलूपबंद खटका १९१८ च्या ब्राउनिंगच्या स्वयंचलित रायफलीतून घेऊन उलटा बसविला आहे. ती कानपूरला होते. आणि ०.५० ची ब्राउनिंग मशीनगन शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जगातल्या अनेक सैन्यांत नोकरीवर आहे. यंत्राचे आयुष्य इतके दीर्घ असणे ही साधी गोष्ट नव्हे. जो लढाऊ विमाने दर पिढीला बदलताना पाहतो त्याला तिचे मोल अधिक कळेल.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेरस्टालच्या कारखान्यात, नव्या पिस्तुलाच्या कामासाठी आला असता, ब्राउनिंगचे हृदयविकाराने निधन झाले. ते पिस्तूल अपुरेच राहिले. त्याच्या हाताखाली वाढलेल्या द्यूदोने सेव्ह या बेल्जियन कारागिराने गुरूच्या पेटंटांची मुदत कोठे संपते, कोठे नाही हे सांभाळीत, खोक्यात तेरा काडतुसे मावतील अशी स्वतःची योजना त्यात मिसळीत, १९३५ मध्ये ते पूर्ण केले. दुसऱ्या महायुद्धात त्याची आवृत्ती कॅनडात निघाली, आणि त्याच नमुन्यावरून बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने '९ मिलिमीटर १ए' हे पिस्तूल घडविले. आपल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरेला पिढ्यान्‌पिढ्या दिसणारे पिस्तूल ते हेच. याच सेव्हने पुढे आखलेल्या रायफलीवरून ईशापूरची एसएलआर झाली, आणि ती खांद्याला लावून पहारा करणारे शिपाई आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. गुरूच्या नावावर अपुरे राहिलेले काम शिष्याने पुरे केले, त्याचे श्रेय गुरूच्याच नावाला ठेवले, आणि स्वतःची विद्या पुढच्या कामात ओतली. कारागिरांच्या जगातील ही परंपरा आपल्या सुतारवाड्याला काही परकी नाही.

मतमोजणी होऊन पंधरा दिवस उलटल्यावर जिभाऊंची दुनळी आणण्यासाठी आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो. परतताना वाटेत एका सुताराच्या अंगणात जुन्या गाडीचे एक चाक भिंतीला टेकून ठेवलेले दिसले. धाव गंजून सैल झालेली, दोन आरे निखळलेले, तुंब्याला भेग गेलेली. तळोद्याच्या रस्त्यांवर आता रबरी टायरांच्या गाड्या धावतात, डांबरी सडकेवर चर पडत नाहीत, आणि नव्या गाडीचा आख किती लांब असावा हे कोणी कोणास विचारीत नाही. जिभाऊ घटकाभर त्या चाकाजवळ थांबले, वाकून धावेवरून हात फिरविला, आणि सुताराला म्हणाले, "आखाचं माप ठेवलंय का रे कुठं?" सुताराने नाही म्हणून मान हलविली.